काज आणि बटण

आमचं घर चालतं नाटकाच्या कपड्यांवर. थिएटरच्या मागे, रंगमंचाच्या भिंतीला लागूनच आमची शिवणखोली आहे. सासूबाई कापतात, नवरा मशीनवर बसतो आणि मी काजबटण, हूक, नाड्या, म्हणजे कपडा अंगावर टिकून राहावा म्हणून जे जे लागतं ते सगळं करते. सासूबाईंना सगळं थिएटर बाईमास्तर म्हणतं आणि वचकून असतं. मी त्यांना आई म्हणते आणि अजिबात वचकत नाही. आम्ही दिवसातून दोनदा भांडतो, एकदा कात्रीवरून आणि एकदा उगाच.

तर मला दिवस गेले आणि पहिल्या सोनोग्राफीला आम्ही तिघंही गेलो. डॉक्टरबाईंनी पडद्यावर बोट ठेवलं. ‘‘हे एक बाळ. आणि हे दुसरं.’’

नवरा म्हणाला, ‘‘आणि तिसरं?’’

‘‘तिसरं नाही.’’

‘‘नीट बघा हं, डॉक्टर.’’

आईंनी त्याच्या दंडाला असा चिमटा काढला की तो टेबलावरच्या कागदांवर आपटला. मला इतकं हसू फुटलं की पडद्यावरची दोन्ही बाळं वरखाली व्हायला लागली आणि डॉक्टरबाईंना थांबावं लागलं. मी जुळ्यांची आई होणार होते! मी, जिला एक मांजर सांभाळता आलं नाही!

हसणं ओसरल्यावर डॉक्टरबाई गंभीर झाल्या. ‘‘एक लक्षात ठेवा. दोघांच्या पिशव्या वेगळ्या आहेत, पण दोघांना पोसणारी वार एकच आहे. एका ताटात दोघं जेवतायत म्हणा. बहुतेक वेळा नीट वाटून खातात. पण कधीकधी एकाच्या वाट्याचं रक्त दुसऱ्याकडे जायला लागतं आणि मग दोघांनाही धोका होतो. हे अचानक होऊ शकतं. म्हणून चौथा महिना लागला की दर पंधरा दिवसांनी सोनोग्राफी. चुकवायची नाही. आणि पोट एकाएकी वाढलं, ताठ झालं, कपडे घट्ट व्हायला लागले, तर तारखेची वाट न बघता यायचं.’’

आम्ही मान डोलावली. घरी येईपर्यंत नावंही ठरली होती. पडद्यावर जे वर होतं, सारखं गिरक्या घेणारं, ते बटण. खालचं, शांत, कोपरा धरून बसलेलं, ते काज. नावं मीच ठेवली. माझं कामच ते.

आता नाटकवाल्यांचा एक रिवाज सांगायला हवा, नाहीतर पुढचं कळणार नाही. नटाचं वजन वाढलं तर त्याला कोणी तसं सांगत नाही. कपडा शिवतानाच शिवणीच्या आत माया म्हणून दोन-चार बोटं जास्तीचं कापड ठेवलेलं असतं. प्रयोग संपला, नट घरी गेला, की बाईमास्तर गुपचूप शिवण उसवतात, बोटभर कापड बाहेर काढतात आणि पुन्हा टीप मारतात. दुसऱ्या दिवशी नट आरशासमोर उभा राहतो, पोटावरून हात फिरवतो आणि म्हणतो, ‘‘बाईमास्तर, बारीक झालोय का हो मी?’’

‘‘झालायत ना,’’ आई सुईत दोरा ओवत म्हणतात. चेहऱ्यावरची रेष हलत नाही. आणि तो नट त्या दिवशी असं काम करतो की बघत राहावं. आईंचं म्हणणं एकच, कपडा टोचला की माणसाचं मन टोचतं.

पाचवा महिना संपत आला तेव्हा आमच्याकडे नुसती धांदल होती. शनिवारी दुपारी नव्या नाटकाचा पहिला प्रयोग होता. राजा, राणी, दरबार, आणि राणी गर्भार. तिच्या झग्यासाठी गादीचं पोट करायचं ठरलं होतं, पण आई म्हणाल्या, ‘‘खरं पोट घरात असताना खोटं कशाला मोजू?’’ आणि मागच्या सोनोग्राफीहून आल्या आल्या मला स्टुलावर उभं करून त्यांनी तो गडद लाल झगा माझ्याच पोटावर बेतला. पाठीला वरपासून खालपर्यंत हूक. ते लावताना माझी बोटं सोलून निघाली, पण झगा असा झाला होता की नटीने बघताक्षणी आईंना मिठी मारली.

पुढची सोनोग्राफी नेमकी शुक्रवारी होती, प्रयोगाच्या आदल्या दिवशी. अजून अर्ध्या दरबाराला बटणं नव्हती. मी बुधवारी दवाखान्यात फोन लावला. तिथल्या सिस्टर आवाजावरूनच मला ओळखतात.

‘‘सोमवारी आले तर चालेल का हो?’’

‘‘मला विचाराल तर नाही,’’ सिस्टर म्हणाल्या. ‘‘पोट ताठ वाटतंय का? दम लागतोय?’’

‘‘जुळी आहेत म्हटल्यावर दम लागणारच की.’’

‘‘कपडे एकदम घट्ट झालेत?’’

‘‘छे! उलट ऐसपैस बसतायत.’’

खरंच बसत होते. माझे दोन्ही घरचे गाऊन रोज सकाळी अंगात सरळ जात होते. मी तर मनातून खूश होते, की जुळ्यांच्या मानाने आपण आटोपशीर आहोत.

सिस्टरनी वही चाळली. ‘‘बरं. सोमवारी सकाळी. त्यापुढे एक तासही नाही. आणि मधे काही वाटलं तर तशाच उठून या.’’

गुरुवारी दुपारी रंगमंचावर कपड्यांची तालीम होती. दिव्यांखाली कोणता रंग कसा दिसतो ते दिग्दर्शकाला बघायचं असतं. राजा आला, प्रधान आला, पण राणीचा घसा बसला होता आणि तिला डॉक्टरने बाहेर पडू दिलं नव्हतं. दिग्दर्शकाने केस उपटायला सुरुवात केली. त्याच्या डोक्यावर ते आधीच कमी आहेत.

‘‘एवढं काय,’’ नवरा म्हणाला. ‘‘झगा हिच्यावरच बेतलाय. हिला उभी करा.’’

माझी तर उडीच पडली! इतकी वर्षं पडद्यामागे हूक लावतेय, पुढे दिव्यात कधी कोणी उभं केलं नव्हतं. मी झगा चढवला, केस वर बांधले, राणीसारखी मान ताठ केली. आई पाठीमागे हूक लावायला आल्या.

पहिला हूक लागला. दुसरा लागला. मग आईंचे हात थांबले.

‘‘श्वास आत घे.’’

‘‘घेतला.’’

‘‘अगं, आत घे म्हणतेय ना!’’

‘‘आता आणखी कुठे घेऊ, आई?’’

झग्याच्या दोन्ही कडांमधे वीतभर अंतर होतं. नवऱ्याने येऊन ओढून बघितलं. दिग्दर्शक खालून ओरडला, ‘‘बाईमास्तर, मापात चूक?’’ सगळं थिएटर वळून बघायला लागलं, कारण बाईमास्तरांच्या मापात चूक म्हणजे सूर्य पश्चिमेला उगवला. मला मात्र गंमत वाटली. ‘‘आई, चुकलात! लिहून ठेवा रे कोणीतरी. घरचे गाऊन तर मला अजून छान बसतात, आणि हा...’’

मी मान वळवून पाहिलं आणि माझं हसू विरलं. आई पांढऱ्याफटक पडल्या होत्या.

‘‘ते मी उसवलेत,’’ त्या म्हणाल्या.

‘‘काय?’’

‘‘गाऊन. तू झोपल्यावर. तीनदा.’’ त्यांचा आवाज मला ओळखू येईना. ‘‘मागच्या महिन्यात तू आरशासमोर उभी राहून रडलीस ना, पिंप झालंय माझं म्हणून. म्हटलं, हिला कशाला कळायला हवं. आधी बोटभर सोडलं. मग या आठवड्यात पुन्हा दोन बोटं. परवा पुन्हा. मला वाटलं, जुळी आहेत, भराभर वाढतायत. मला आनंद होत होता गं.’’

मला इतका राग आला की डोळ्यांपुढे अंधारी आली. मला! नटासारखं मला फसवलं! पण तो राग तोंडातून बाहेर पडायच्या आत डॉक्टरबाईंचं वाक्य कानात वाजलं. कपडे घट्ट व्हायला लागले तर तारखेची वाट बघायची नाही. कपडे तर घट्ट होतच होते. मलाच तेवढं कळू दिलं नव्हतं. मी पोटावर हात ठेवला. ते ढोलासारखं ताठ होतं. वरच्या बाजूला बटण नाचत होतं. खालच्या कोपऱ्यातून काही कळतच नव्हतं, आणि ते कधीपासून कळत नव्हतं तेही मला आठवेना.

‘‘गाडी काढ,’’ मी नवऱ्याला म्हटलं.

झगा बदलायला कोणाला सुचलंच नाही. थिएटरचा टेम्पो दाराशी उभा होता, मागे राजाचं सिंहासन बांधलेलं. आम्ही तिघं पुढे दाटीने बसलो. नवऱ्याने टेम्पो असा हाकला की सिग्नलला लोक वळून बघत होते: पुढे राणी, मागे रिकामं सिंहासन. मला रडू येत होतं, हसू येत होतं, आणि आई माझ्या उघड्या पाठीवर स्वतःची शाल गच्च धरून बसल्या होत्या.

दवाखान्याच्या खिडकीवरच्या माणसाने माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. ‘‘काय त्रास आहे?’’

‘‘झगा बसत नाही!’’ आई ओरडल्या.

तो माणूस काही बोलणार इतक्यात मागून फोनवरच्या सिस्टर उठून उभ्या राहिल्या. त्या हसल्या नाहीत. ‘‘शेवटचा कधी बसला होता?’’

‘‘मागच्या सोनोग्राफीच्या दिवशी.’’

‘‘चला आत.’’

डॉक्टरबाईंनी पोटावर यंत्र ठेवलं आणि वरून खाली, पुन्हा खालून वर फिरवलं. मग त्यांनी पडदा आमच्याकडे वळवला.

‘‘हे बटण. बघा, केवढ्या पाण्यात पोहतंय. पाणी फार झालंय, म्हणून पोट ताणलंय. त्याचं हृदयही जास्त काम करतंय, त्यालाही हे झेपणार नाही. आणि हे काज.’’ काज कोपऱ्यात चिकटून बसलं होतं. त्याच्याभोवती पाणी जवळजवळ नव्हतंच. ‘‘बटणाच्या पोटात हा काळा गोल दिसतोय ना, ते मूत्राशय. भरलेलं आहे. काजचं मला दिसतच नाहीये. त्याच्या वाट्याचं रक्त बटणाकडे जातंय, त्यामुळे शू करायलाही त्याच्याकडे काही उरत नाही.’’

‘‘मी सांगितलं नाही म्हणून?’’ आई म्हणाल्या.

‘‘तुमच्यामुळे झालं नाही हे. वारेतच तशा रक्तवाहिन्या आहेत. पण चारपाच दिवस उशीर झाला असता तर मी आज काय बोलले असते, मला माहीत नाही. आता आलात ना? मग कामाला लागू.’’

काम असं होतं: दुसऱ्या दिवशी सकाळी पोटातून एक बारीक नळी आत घालायची, तिच्यात दुर्बीण आणि लेझर. दोघांना जोडणाऱ्या रक्तवाहिन्या शोधून एकेक बंद करायची. मग जादाचं पाणी काढून टाकायचं.

‘‘म्हणजे दोघांच्या मधे शिवण घालायची,’’ आई हळूच म्हणाल्या.

‘‘तसंच म्हणा. पण मी तुम्हाला खोटी आशा दाखवणार नाही. पुष्कळदा दोन्ही बाळं वाचतात. कधी एकच वाचतं. कधी...’’ त्यांनी पुन्हा पडद्याकडे पाहिलं. ‘‘काज अशक्त आहे.’’

‘‘मला दोन्ही हवीत,’’ मी म्हटलं. ‘‘नुसतं बटण घेऊन मी काय करू?’’

डॉक्टरबाईंनी माझा हात दाबला. ‘‘मलाही दोन्ही हवीत.’’

शुक्रवारी सकाळी मला टेबलावर घेतलं. कमरेखालचं बधिर केलं होतं, पण मी टक्क जागी होते आणि पडदा मला दिसत होता. आणि काय सांगू, भीती कुठल्या कुठे पळाली! आतलं जग पडद्यावर उजळलं होतं. वारेवर निळ्या-लाल वाहिन्या पसरलेल्या, आणि त्यांच्यावरून दुर्बीण हळूहळू फिरत होती. मधेच एक हात दिसला. एवढासा, पण पाची बोटं! बटणाने तो दुर्बिणीकडे नेला आणि डॉक्टरबाई म्हणाल्या, ‘‘बाळा, मध्ये येऊ नकोस, तुझंच काम चाललंय.’’ खोलीतले सगळे हसले. मग एक ठिणगी चमकली, एक वाहिनी फिकी पडली. मग दुसरी. मी मनातल्या मनात हूक लावत होते. हा लागला. हाही लागला. आणखी एक राहिलाय, तो बघा, तिथे. डॉक्टरबाईंना तो माझ्याआधीच दिसला होता.

दोन बाटल्या पाणी निघालं. पोट मऊ पडलं आणि मला कितीतरी दिवसांनी पोटभर श्वास घेता आला. संध्याकाळी दोन्ही ठोके ऐकू आले. बटणाचे दणदणीत आणि काजचे जरा हलके, पण होते.

‘‘खरं कळेल उद्या,’’ डॉक्टरबाई म्हणाल्या. ‘‘काजने शू करायला सुरुवात केली, मूत्राशय दिसलं, तर समजायचं त्याच्या वाट्याचं त्याला मिळायला लागलं.’’

आणि मग आम्ही दोघी त्या खोलीत एका बाळाच्या शूची वाट बघत बसलो. आईंनी आयुष्यात एकही पहिला प्रयोग चुकवला नव्हता. ताप अंगात घेऊन त्या विंगेत उभ्या राहिल्या आहेत. शनिवारी नवरा आईंना आणि झग्याला न्यायला आला, राणीचा घसा सुटला म्हणाला, तर आई म्हणाल्या, ‘‘तू जा. तिथे सगळे शहाणे आहेत. माझं माणूस इथे आडवं आहे.’’

तो गेल्यावर मी म्हटलं, ‘‘आई, मी तुमच्यावर अजून रागावलेली आहे.’’

‘‘रागाव की,’’ त्या म्हणाल्या. ‘‘जन्मभर रागाव. पण आत्ता जेव आधी.’’

मी जेवले. रागावूनही जेवले. त्या डबा धुवायला उठल्या तेव्हा त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं आणि मला माझ्या रागाचा फारसा उपयोग करता येईना.

दुपारी डॉक्टरबाई यंत्र घेऊन आल्या. आधी बटण पाहिलं. ठीक होतं, हात-पाय झाडत होतं. मग यंत्र खाली सरकलं. काजचं डोकं दिसलं. कणा दिसला. पुढे सगळं करडं. कात्री चालवून घट्ट झालेल्या हाताने आईंनी माझा पंजा धरला होता. यंत्र थोडं तिरकं झालं. थांबलं. परत मागे आलं.

करड्याच्या मधोमध एक काळा ठिपका होता. मसुराच्या दाण्याएवढा.

‘‘हे काय आहे, माहितीये?’’ डॉक्टरबाईंचा आवाज चढला होता. ‘‘मूत्राशय! भरतंय! आणि हे बघा, बाजूला पाणीही दिसायला लागलंय!’’

‘‘म्हणजे?’’ आई म्हणाल्या.

‘‘म्हणजे काजने शू केली, आजी!’’

आईंनी डॉक्टरबाईंच्या गळ्यातच पडायचं बाकी ठेवलं. त्या दार उघडून व्हरांड्यात गेल्या, आणि ज्या बाईचा आवाज विंगेतून कधी पडद्याबाहेर गेला नव्हता, ती बाई सगळ्या मजल्याला ऐकू जाईल अशी ओरडली, ‘‘शू केली! आमच्या काजने शू केली!’’ सिस्टर धावत आल्या. शेजारच्या खोलीतली बाई, जिला आमचं काहीही माहीत नव्हतं, तिनेही टाळ्या वाजवल्या. मी पालथ्या हाताने डोळे पुसत होते आणि हसत होते आणि पोट हलल्यामुळे तो काळा ठिपका सारखा पडद्यावरून निसटत होता. थांब रे बाळा, मला पुन्हा बघू दे! आयुष्यात इतकी सुंदर गोष्ट मी पाहिलेली नाही, आणि ती शू होती.

नवऱ्याला फोन केला तेव्हा तो विंगेत उभा होता, दुसरा अंक सुरू होता. त्याने बातमी कुजबुजत प्रॉम्प्टरला सांगितली, प्रॉम्प्टरने प्रधानाला, आणि प्रधानाने रंगमंचावर जाऊन राणीच्या कानात. राणीला त्या प्रवेशात ओक्साबोक्शी रडायचं होतं. ती खदखदून हसली. दिग्दर्शकाने उरलेले केस धरले, पण म्हणतात की प्रेक्षकांना तो प्रवेश सगळ्यात जास्त आवडला.

धोका संपला नव्हता. डॉक्टरबाईंनी तसं स्पष्ट सांगितलं होतं. आता दर आठवड्याला सोनोग्राफी, कामं बंद, आणि कसलीही शंका आली की फोन. पहिल्या आठवड्याला निघताना आईंनी माझ्यापुढे एक नवा गाऊन टाकला. मी सवयीने उलटा करून शिवण पाहिली. आत काहीच नव्हतं. आईंनी तो नेमक्या मापाचा कापला होता, कडेला सूतभरसुद्धा कापड जादा न ठेवता. इतक्या वर्षांत त्यांच्या हातून असा कपडा मी पाहिला नव्हता. आमच्या धंद्यात याला कंजूषपणा म्हणतात.

‘‘घट्ट झाला की मला सांगायचं,’’ त्या म्हणाल्या. ‘‘टोचला की सांगायचं. मी तो उसवणार नाही. दुसरा शिवीन.’’

असे बरेच गाऊन शिवून झाले. सावकाश, एकामागोमाग एक, जसे व्हायला हवेत तसे घट्ट होत गेले. आणि आठवा महिना सरत असताना डॉक्टरबाई म्हणाल्या, ‘‘आता बाहेरच बरी,’’ आणि दोन मुली बाहेर आल्या. आधी काज. सगळ्यांना वाटत होतं बटण घाई करेल, पण कोपऱ्यातली पोरगी पहिली आली आणि असा टाहो फोडला की सिस्टर म्हणाल्या, ‘‘हीच का ती अशक्त?’’

अशक्त नव्हती, पण लहान होती. बटणापेक्षा बरीच लहान. दोघी काही दिवस काचेच्या पेटीत राहिल्या, मग माझ्याजवळ आल्या. त्या दिवशी आई दोन झबली घेऊन आल्या, त्याच गडद लाल कापडाची, राणीच्या झग्यातून उरलेल्या. बटणाचं तिला नेमकं बसलं. काजला घालताना मला कडेला काहीतरी जाड लागलं. मी उलटं करून पाहिलं. शिवणीच्या आत चार बोटं कापड दुमडलेलं होतं, एवढ्याशा झबल्यात.

‘‘आई, हे काय?’’

‘‘राहू दे,’’ त्या म्हणाल्या, काजला उचलून खांद्यावर घेत. ‘‘तिला वाढायचंय.’’